ओला दगड

मला दगड चाटायची सवय आहे. साठी ओलांडलेल्या माणसानं हे कबूल करणं बरं दिसत नाही, पण खोटं कशाला बोला. नदीच्या पात्रात, रस्त्यासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगापाशी, शेताच्या धुऱ्यावर एखादा दगड वेगळा वाटला की मी आधी इकडेतिकडे बघतो आणि कुणी नसलं तर त्याला जीभ लावतो. माणसं असली तर बोटाला थुंकी लावून भागवतो.

ही खोड लागली ती वानच्या पात्रात. तेल्हाऱ्याहून उत्तरेला निघालं की सातपुडा हळूहळू उंच होत समोर येतो आणि वारीपाशी वान नदी डोंगरातून बाहेर पडते. तिथल्या मारुतीला शनिवारी आजी जायची आणि मी बंडीत मागं बसून जायचो. दर्शन, शिदोरी, मग ऊन उतरेपर्यंत बायकांच्या गप्पा. तेवढा वेळ मी पात्रात. डोंगरानं नदीच्या ओटीत टाकलेले गोटे तिथं पसरलेले असत. काळे, करडे, विटकरी, मधूनच पांढरे. त्यातला एक मी पाण्यातून उचलला तेव्हा त्याच्या फुटक्या बाजूवर लुगड्याच्या काठासारख्या रेघा होत्या. पांढरी, मग मधाच्या रंगाची, मग निळसर करडी, पुन्हा पांढरी. धावत आजीला दाखवायला नेला तोवर ऊन लागून तो वाळला होता आणि रेघा पुसल्या गेल्या होत्या. हातात राहिला राखेच्या रंगाचा एक खडबडीत गोटा. आजीला पटवायचं कसं? मी तो चाटला आणि रेघा परत आल्या.

"काहून रे, गोटे चाटून पोट भरते काय तुयं?" आजी म्हणाली. मग जरा वाकून पाहिलं. "गारगोटी हाय ते. फेक."

मी फेकली नाही. ती आत्ता या कागदावर ठेवलेली आहे, पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून.

गारगोटी या शब्दात आम्ही सगळंच कोंबतो. स्फटिक गारगोटी, चकमकीचा दगड गारगोटी, ही रेघांची पण गारगोटीच. कोशात हिच्यासाठी अकीक हा शब्द आहे, जव्हेऱ्याच्या दुकानात हकीक, रेघा ठसठशीत असल्या तर सुलेमानी. पण वानच्या काठावर यातला एकही शब्द मी कधी ऐकला नाही. ज्या गावात वस्तू फुकट पडलेली असते त्या गावात तिला फारशी नावं नसतात. ग्रीकांचं बघा, थिओफ्रास्टस नावाच्या त्यांच्या पंडितानं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी दगडांवर पुस्तक लिहिलं आणि सिसिली बेटावरच्या अखातीस नदीचं नाव तिच्यात सापडणाऱ्या या दगडाला चिकटलं. त्यातूनच इंग्रजीतला ॲगेट आला. तिकडे नदीचं नाव दगडाला मिळालं. आमच्याकडे नदीही आहे आणि दगडही आहे, पण दोघांची ओळख कुणी करून दिली नाही.

नावं नव्हती, उपयोग मात्र होते. आजोबांच्या कोनाड्यात एक कातडी बटवा असे. त्यात गारगोटीचा तुकडा, लोखंडाची वाकडी पट्टी आणि सावरीचा कापूस. काडेपेटी घरात असूनही चिलीम पेटवायला त्यांना हेच लागे. आम्हा पोरांचा उपयोग वेगळा. रात्री गोधडीत डोकं खुपसून दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायच्या. आतून पिवळसर उजेड लुकलुकतो आणि जळक्या केसांसारखा वास येतो. कुणी केलं नसेल तर करून पाहावं. दगडाच्या पोटात उजेड कसा याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही. पुढं कळलं की गारेचे कण तुटताना, घासताना असा थंड उजेड पडतो, पण त्या वासानं जे वाटायचं ते काही कळण्यानं गेलं नाही.

आता ही गारगोटी झाली कशी, तर पाण्यानं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आपला काळा पाषाण तो. उकळत्या भातावर बुडबुडे यावेत तसे त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते. वरून तो थिजला आणि बुडबुडे पोकळ्या होऊन आत अडकले. मग पाणी झिरपू लागलं. खडकातली सिलिका विरघळवून घेऊन येणारं पाणी त्या पोकळीच्या भिंतीवर एक पातळ लेप देई, मग आणखी एक, आणखी एक. कधी लोहाचा अंश आला तर तांबूस लेप, नाही तर पांढुरका. लेप बाहेरून आत. म्हणजे सर्वांत जुनी रेघ सालीजवळ आणि सर्वांत नवी मधोमध. कधी मधली जागा भरून जाते, कधी तिथं स्फटिकांचे दात उगवतात, कधी पोकळीच राहते. हे लेप असे ठेक्यात का बसले, एकसारखे का नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. असू दे. आसपासचा काळा पाषाण पुढं कुजून माती झाला. तीच आपली कपाशीची काळी. गारगोटी मात्र कुजली नाही. पोलाद तिच्यावर चरा पाडू शकत नाही, ती काचेवर पाडते. कठीणपणाच्या दहाच्या मापात साडेसहा ते सात. पोकळी होती ती टिकली आणि जो भरीव होता त्याची माती झाली, या गमतीवर मी शेतात उभा राहून पुष्कळदा थांबलो आहे.

आणि हे पाणी म्हणजे कुठल्या प्रदेशातलं, तर वऱ्हाडातलं. आमच्या तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथं विहिरीला पाणी लागतं आणि ते तोंडात घेववत नाही. घागरीच्या बुडाशी पांढरा थर बसतो. पोरांना पाणी प्यायला शिकवताना तोंड वाकडं करू नको असं शिकवावं लागे. वारीच्या वर वानवर धरण झालं, हनुमान सागर, आणि ८४ खेडी योजनेच्या पाइपातून गोडं पाणी त्या पट्ट्यात उतरलं. माझी एक आत्या त्या भागात दिलेली होती. तिच्या घागरीतला तो पांढरा थर मी नखानं खरवडून बघायचो. थरावर थर, चहाच्या बशीएवढा जाड. आज वाटतं, ती घागर फुटली नसती आणि आत्या काही लाख वर्षं त्यात पाणी भरत राहिली असती, तर—

सुकलेला दगड रेघा का लपवतो हेही पुढं समजलं. पृष्ठभाग खडबडीत असतो, प्रकाश त्या खाचखळग्यांवर विखरतो आणि आपल्याला दिसतो नुसता भुरकटपणा. पाण्यानं खळगे भरले की प्रकाश आत शिरतो आणि आतला रंग घेऊन बाहेर येतो. घासून, घोटून जे पॉलिश करतात ते दुसरं काय? खळगे भरण्याऐवजी टेकाडंच उतरवून टाकायची. जव्हेऱ्याच्या काचेखालचा चकचकीत खडा म्हणजे वाळायचं विसरलेला गोटा, असं मला दिसतं.

तेल्हाऱ्यात लहानपणी एक चाचा होते, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, पुढ्यात उलट्या वाट्या, वाट्यांखाली चाकं. उजव्या हाताच्या करंगळीत चांदीची अंगठी आणि तिच्यात यकृताच्या रंगाचा एक खडा. "यमनका है, बेटा, हजसे आया," ते सांगत. अकीक पुरुषानं उजव्या हातात, चांदीत घालावा अशी त्यांच्यात जुनी श्रद्धा आहे. यमनचा अकीक सर्वांत मानाचा. मी त्यांना वानची गारगोटी दाखवली. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच ती फिरवून पाहिली, चहाच्या ग्लासातलं पाणी बोटानं तिच्यावर लावलं आणि म्हणाले, "येभी वोईच है." यमन आणि वान एकच, हे मला फार आवडलं. पण त्यांचा खडा कायम झळके आणि माझा वाळून जाई. मी मनाशी कारणही शोधून काढलं होतं. चाचा दिवसातून पाच वेळा वजू करतात, नमाजाआधी हातपाय धुतात, त्यांचा दगड वाळतच नाही.

कॉलेजात गेलो तेव्हा अकीक वेगळ्याच ठिकाणी भेटला. रसायनाच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला नाजूक तराजू असे. श्वास सोडला तरी काटा हलणारा. त्याची दांडी ज्या धारेवर तोललेली असते ती धार ॲगेटची, असं शिकवणाऱ्यांनी सांगितलं. झिजत नाही, गंजत नाही, म्हणून. शेजारी कपाटात त्याच दगडाचा खलबत्ता, त्यातही त्या फिकट रेघा. जुन्या काळी हातकागदाला खळ लावून तो अशाच गुळगुळीत दगडानं घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. तेव्हा पोथ्यांतली वळणदार अक्षरं ज्या कागदावर सरळ पळाली, त्यालाही एखाद्या गारगोटीचा हात लागलेला असणार. दागिना होण्याआधी आणि झाल्यानंतरही हा दगड असा राबता राहिलेला आहे. त्याच्याही आधी, धातू नव्हते तेव्हा, दख्खनच्या नद्यांकाठी माणसं याच जातीच्या गोट्यांतून नखाएवढी पाती काढत आणि लाकडात बसवून विळ्यासारखी वापरत.

पण आमचा दगड फिरला केवढा! इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं, नाव त्यानं ठेवलेलं नाही, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली. पेरिप्लस. त्यात पैठण आहे आणि तेर आहे. पैठणहून भडोच बंदराला वीस दिवसांची वाट, रस्ते नसलेल्या मुलुखातून गाड्यांवर माल येतो, असं तो सांगतो. काय माल? पैठणहून रेघांचे दगड, भरपूर. तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. दख्खनमधून काय जातं, तर दगड आणि कापूस. दोन हजार वर्षांपूर्वीची ती यादी वाचताना मला आमच्या जिनिंगसमोर उभ्या गाड्यांची रांग दिसली. माल आमचा, मोल तिकडे. पुढं रोमी कारागीर या दगडाचे थर वाचत. वर पांढरा आणि खाली गडद असा तुकडा निवडायचा, पांढऱ्या थरात राजाचा किंवा राणीचा चेहरा कोरायचा आणि भोवतीचा पांढरा तासून काढायचा, की गडद जमिनीवर चेहरा उठून उभा राहतो. चेहऱ्यात थर संपायच्या आत नाक पुरं झालं पाहिजे. मला त्या राजाराण्यांपेक्षा तो हिशेब करणाऱ्या हाताचं कौतुक जास्त.

सगळाच माल कच्चा जाई असं मात्र म्हणता येत नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक, तांबडा कार्नेलियन, स्फटिक यांचे मणी घडवण्याचं मोठं केंद्र होतं. तिथं शिळावर्तुळं आहेत आणि मण्यांचे अर्धवट घडवलेले, भोक पाडताना फुटलेले तुकडेही. जालना जिल्ह्यातलं भोकरदनही तसंच. तांबड्या मण्यावर खाराच्या लेपानं नक्षी काढून तो भाजायचा, म्हणजे पांढऱ्या रेघा कायमच्या उमटतात, ही कला सिंधू संस्कृतीपासूनची. मोरेश्वर दीक्षितांनी अशा मण्यांवर १९४९ साली एक पुस्तकच लिहिलं. म्हणजे ज्या दगडाला निसर्गानं रेघा दिल्या नाहीत त्याला माणसानं दिल्या. माहुरझरीच्या शेतांत पहिल्या पावसानंतर मणी वर येतात म्हणे. मला यात नवल वाटत नाही. कोरड्या ढेकळांत मणी दिसेलच कसा? पाऊस आधी त्याला चाटतो, मग तो दिसतो.

खंभातला मी एकदा गेलो होतो. आपल्या जुन्या कागदांत त्याला खंबायत म्हणतात. हडप्पाच्या काळापासून तिकडे हे काम चालत आलं आहे. राजपिपळ्याकडच्या रतनपूरच्या खाणींतून गोटे येतात, उन्हात वाळवतात, मडक्यांत भरून शेणाच्या, भुश्याच्या आगीत भाजतात. भाजल्यानं आतला लोहाचा अंश रंग बदलतो आणि मातकट खडा लालबुंद होतो. रतनपूरच्या टेकडीवर सिद्दी पीर बाबा घोर यांचा दर्गा आहे, अकीकवाले त्यांना आपल्या धंद्याचे मूळपुरुष मानतात. एका ओट्यावर एक म्हातारा कारागीर बसला होता. पुढ्यात जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी मेख. डाव्या हातात खडा, तो मेखेच्या टोकाला टेकवलेला. उजव्या हातात हातोडी, पण तिचं डोकं लोखंडाचं नाही, म्हशीच्या शिंगाचं. हातोडी खड्यावर बसते आणि टवका निघतो तो दुसऱ्या अंगानं, मेखेकडून. टिक, एक टवका. खडा जरासा फिरवायचा. टिक. तो माझ्याकडे पाहत बोलत होता, हाताकडे पाहतच नव्हता. पाचेक मिनिटांत ओबडधोबड गोट्याचा लांबट मणी झाला. बाकी घासणं, भोक पाडणं, झिलई, ती पुढची घरं.

त्या पुढच्या घरात मी फार वेळ थांबलो नाही. कुरुंदाच्या चाकावर खडे घासणारी माणसं, तोंडाला गमछा, भुवया पांढऱ्या. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं. हे पीठ मात्र पोटात नाही, छातीत जातं आणि तिथून निघत नाही. सिलिकोसिस म्हणतात त्याला. खंभातच्या अकीक कारागिरांत तो कित्येक पिढ्यांचा रोग आहे. घासताना पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच दबते. परत पाणीच. रेघा पाणी घालतं, दाखवतं पाणी, आणि ज्याच्या हातून त्या चकाकतात त्या माणसाच्या चाकावर तेवढं पाणी पडत नाही. तिथून मी बायकोसाठी माळ घेणार होतो. घेतली, पण दोन महिने तिला सांगितली नाही. ती अजून विचारते, इतकी चांगली माळ लपवून का ठेवली होती?

तिच्या गळ्यात तशी डोरलं आणि काळी पोत असते. अकीकाची माळ तिला जड वाटते, शिवाय गार. "थंड्या पाण्यात हात घातल्यासारखं वाटतं मानेला," असं ती पहिल्यांदा घालताना म्हणाली.

शेगावला दर्शनाला गेलं की रस्त्यावर अंगठ्यांच्या गाड्या लागलेल्या दिसतात. मखमलीवर खड्यांच्या ओळी, वर पाटी, राशीप्रमाणे, मूलांकाप्रमाणे. सुलेमानी हकीक शनीला, नजरेला, धंद्याला. शेजारी जांभळे, पोपटी, भडक निळे हकीक. ते रंग नदीत कुठं सापडत नाहीत. अकीकाचे थर बारीक सच्छिद्र असतात, रंग पितात. साखरेच्या पाण्यात मुरवून मग गंधकाम्लात टाकलं की साखर जळून आत कोळसा होतो आणि करडा दगड काळा कुळकुळीत. जर्मनीतल्या इदार-ओबरस्टाइन गावानं एकोणिसाव्या शतकात ही विद्या फार पुढं नेली. गंमत अशी की सगळे थर सारखा रंग पीत नाहीत, पांढरे कोरडेच राहतात, म्हणून रंगवूनही रेघा उरतात. मी गाडीवाल्याला एवढंच विचारलं की हा निळा असली का? तो म्हणाला, "काका, दगड असली हाय, रंगाचं तुमी पाहा."

नजरेचं मला मात्र हसण्यावारी नेता येत नाही. वाटोळ्या रेघांचा अकीक आडवा कापला की हुबेहूब डोळा निघतो. काळं बुबुळ, भोवती पांढरं. मेसोपोटेमियातले राजे असे डोळे देवाला वाहत आणि त्यावर आपलं नाव कोरत. आमच्याकडे बाळाच्या मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ असते. वाईट डोळ्याला समोरून पाहणारा दुसरा डोळा पाहिजे, जो मिटत नाही. माझ्या भाच्याच्या मुलीला बारशाला मी खंभातचा एक डोळ्याचा मणी दिला. तिच्या आजीनं तो काळ्या दोऱ्यात ओवला आणि एकदाच म्हणाली, "चांगला पाहून राह्यला हा."

काही अकीकांच्या पोटात पाणी अडकून राहतं, असं मी वाचलं आहे. मधली पोकळी बुजायच्या आत वाटा बंद होतात आणि ज्या पाण्यानं रेघा घातल्या त्यातलं थोडं आतच राहतं. असा गोटा कानाशी धरून हलवला तर कधी कधी खळखळ ऐकू येते. हे वाचल्यापासून माझ्या गारगोटीकडे मी वेगळ्याच नजरेनं बघतो. तिची एकच बाजू फुटलेली आहे, बाकी अंग बटाट्यासारखं बंद. अकोल्यातल्या एका खडेवाल्यानं कापून देतो म्हटलं होतं. कापल्यावर कळेल, आत स्फटिक आहेत की पाणी की काहीच नाही. पन्नास वर्षं न कापलेली वस्तू आता काय कापायची म्हणून परत आणली.

आत्ता मे महिना आहे, दुपारचे साडेतीन. हे लिहिता लिहिता ती उचलून कानाशी धरली. पंखा बंद केला, पुन्हा धरली. हलवली. काहीतरी ऐकू आलं, पण ते माझ्या घड्याळाच्या पट्ट्याचं असेल. पट्टा काढून ठेवत होतो एवढ्यात आतून हाक आली, "नळ आले! उठा, टाकी भरायची हाय."

सहा दिवसांनी आलेले नळ. गल्लीभर बादल्यांचा आवाज सुरू झाला होता. मी पाइप लावला, मोरीतला हंडा धरला, अंगणातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं. अर्ध्या तासानं तसाच ओल्या हातानं परत येऊन बसलो आणि कागद उचलायला गारगोटी बाजूला केली. तिच्या फुटक्या बाजूवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. तेवढ्याच जागेत रेघा दिसत होत्या, चारपाच, एक तर अगदी मधाच्या रंगाची. कडेकडून ठसा वाळत आत येऊ लागला.